आठ महिने मनगटावर: डाइव्ह कॉम्प्युटर, थिसलगॉर्म आणि हुकलेलं कार्नाटिक

गेल्या ऑक्टोबरात हा रंगीत पडद्याचा, चार्जिंगवर चालणारा डाइव्ह कॉम्प्युटर घेतला, म्हणजे पाण्याखालची खोली आणि वेळ यांचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र. आठ महिन्यांत 38 डाइव्ह झाल्या. काही मालवणात, काही मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर, आणि 16 डाइव्ह मे महिन्यात इजिप्तच्या तांबड्या समुद्रात, आठवडाभर बोटीवरच मुक्काम करून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते अशा बऱ्याच कॉम्प्युटरना लागू आहे.

मालवणात त्याची फारशी गरज भासली नाही. आठ-दहा मीटर खोली, दिवसाला दोन डाइव्ह, संध्याकाळी परत. गढूळ पाण्यातही आकडे स्वच्छ दिसतात, एवढंच तेव्हा आवडलं होतं. त्याचं खरं काम बोटीवर सुरू झालं. पहाटे सहाला पहिली डाइव्ह, न्याहारी, दुसरी, जेवण, तिसरी आणि अंधार पडल्यावर चौथी. मधल्या दोन-तीन तासांत शरीरात विरघळलेला नायट्रोजन पुरता बाहेर पडत नाही. उरलेला पुढच्या डाइव्हच्या खात्यावर चढतो, आणि असं रोज चालतं. हा हिशेब डोक्यात ठेवणं माणसाचं काम नाही.

थिसलगॉर्मवर मला हे नीट कळलं. 126 मीटर लांबीचं हे ब्रिटिश मालवाहू जहाज 6 ऑक्टोबर 1941 रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बनी बुडालं, नऊ जण गेले. आज ते तळाला सुमारे 30 मीटरवर जवळजवळ सरळ उभं आहे. मालाच्या कोठारांत ट्रक रांगेने लागलेले, त्यांच्या पाठीवर मोटरसायकली, कुठे रबरी बुटांचा ढीग. सैन्यासाठी निघालेला माल, अजून तसाच. एवढ्या खोलीवर साध्या हवेवर पहिल्या डाइव्हला, शरीरात नायट्रोजन फार साठण्याआधी, सुमारे 20 मिनिटं मिळतात; नायट्रॉक्सवर, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या (इथे 32 टक्के) हवेवर, सुमारे 30. मी नायट्रॉक्सवर होते, पण ती त्या दिवसाची तिसरी डाइव्ह होती. मोटरसायकलींपाशी रमले असताना मनगट थरथरलं. पाहिलं तर चारच मिनिटं शिल्लक! कोठारातून निघून वरच्या डेकवर आले आणि मिनिटं भराभर वाढली. त्या एका थरथरीसाठी हे यंत्र मी पुन्हा विकत घेईन. वर येताना वेग वाढला की ते लगेच बजावतं, आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा-थांब्याची मोजणी आपोआप सुरू करतं. दोन्ही कामांत एकदाही चुकलं नाही.

आता तक्रार. चार्जिंगसाठी मागे धातूचे चार ठिपके आहेत. बोटीवर सगळ्यांचं सामान एकाच पिंपात धुतलं जातं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ते गोडं पाणीही खारट होतं. त्या ठिपक्यांवर हिरवट थर चढला. पाचव्या रात्री केबल लावली, चार्जिंग झालंच नाही. सकाळी पडदा काळा. रंगीत पडदा बॅटरी फार खातो, त्यामुळे हाताशी काहीच उरलं नव्हतं.

बरोबर भाची होती. ती लगेच म्हणाली, "मावशी, माझा घे ना." पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये हिशेब तिच्या शरीराचा, माझ्या चार दिवसांचा त्याला पत्ता नाही. गाइडने स्पष्ट सांगितलं, 24 तास पाण्याबाहेर राहायचं, मगच दुसरा कॉम्प्युटर. त्याचं बरोबरच होतं.

तो दिवस अबू नुहास या प्रवाळाच्या रीफचा होता. जिच्यासाठी मी ही सफर निवडली ती कार्नाटिक तिथेच आहे. सुएझहून मुंबईला निघालेली पी अँड ओ कंपनीची ही आगबोट 13 सप्टेंबर 1869 च्या मध्यरात्रीनंतर या रीफवर चढली. दुसरं जहाज येईल या भरवशावर कप्तानाने लोकांना बोटीवरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती दुभंगली आणि 31 जण बुडाले. मुंबईच्या धक्क्यावर त्या दिवसांत कुणीतरी वाट पाहत असेलच. मी डेकवर बसून रीफवर फुटणारा फेस पाहत राहिले. भाची वर आली ती थेट माझ्यापाशी. लाकडी फळ्या कधीच कुजल्यात, म्हणाली, लोखंडी फासळ्या तेवढ्या उरल्यात, त्यांतून ऊन आत येतं आणि काचेसारख्या माशांचा थवा पडद्यासारखा बाजूला सरतो. मला रडू आलं.

घरी आल्यावर दुरुस्तीला सहा आठवडे लागले. विक्रेत्याने आधी माझीच चूक ठरवली, मग केबल बदलून दिली. आता प्रत्येक डाइव्हनंतर ते ठिपके बाटलीतल्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसते, आणि अजून तरी थर धरलेला नाही. एका दिवसाच्या डाइव्हसाठी हा कॉम्प्युटर बिनधास्त घ्या. आठवडाभर बोटीवर जाणार असाल, तर बॅटरी बदलता येणारा दुसरा साधा कॉम्प्युटर पहिल्या डाइव्हपासूनच दुसऱ्या हातावर चढवा, बॅगेत ठेवून उपयोग नाही.

ऑक्टोबरात पुन्हा जातेय. कार्नाटिक राहिली आहे.