फोन्तेन्हासमधलं घर आणि आमचे १२ लाख २६ हजार

आधीच सांगते, मी बँकेत २६ वर्षं काढलीत, त्यातली ९ कर्ज विभागात, लोकांच्या घरांचे कागद तपासण्यात. त्यामुळे घर घेताना मीच फसले हे लिहिताना लाज वाटतेय. पण गेल्या महिन्यात कळलं की मला फसवणाऱ्या एजंटने माझ्यानंतरही तेच घर आणखी एका जोडप्याला दाखवलंय, म्हणून लिहिते.

पणजीत फोन्तेन्हासला घर घ्यायचं खूळ माझंच. ह्यांचे गुडघे गेलेत, गाडी बंद, तेव्हा भाजी, दवाखाना, बसस्टँड सगळं पायी जमेल असं ठिकाण हवं होतं. मागे आल्तिनोची टेकडी, पुढे ओरेंची खाडी, मध्ये त्या अरुंद गल्ल्या, संध्याकाळी रमतगमत मांडवीपर्यंत जाता येतं. लोक दुसऱ्याच्या पायरीवर बसून प्री-वेडिंगचे फोटो काढतात हा ताप आहे, पण तो चालवून घेऊ म्हटलं.

घर पिवळं, दीड मजली, भाव १ कोटी १८ लाख. हो, स्वस्त होतं, मला दिसत होतं! पण अर्धी कौलं गेलेली, आणि तो भाग जतन क्षेत्रात असल्यामुळे दुरुस्तीलाही परवानगी लागते, म्हणून भाव पडला असेल असं मीच मला समजावलं, त्या एजंटला तोंडही उघडावं लागलं नाही.

आता एजंटने घर दाखवलं तो दिवस, जो मी रोज रात्री आठवते. शंभरेक वर्षांचा दरवाजा, रंगाचे पोपडे सुटलेले, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या, आणि कडीला कुलूप कोरं करकरीत. इतकं नवं की चावीच्या भोकाजवळ प्लास्टिकचा तुकडा चिकटलेला होता, तो मी स्वतः नखाने काढला. एवढ्यात समोरच्या बाल्कनीतून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं कोण हवंय, तर हा पठ्ठ्या म्हणतो, वायरिंग बघायला आलेत. मी त्याच्याकडे बघितलं तर हळूच म्हणाला, मॅडम, घर विकतंय कळलं की शेजारी भाव वाढवतात. आणि मी हसले. हसले हो! जो माणूस माझ्यासमोर दुसऱ्याशी इतकं सहज खोटं बोलतो तो माझ्याशी काय बोलत असेल हा विचार डोक्यात आलाच नाही. शेजाऱ्यांशी एजंट बोलू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा, आणि दुसऱ्या दिवशी एकटे जाऊन त्याच शेजाऱ्यांकडे पाणी मागा.

पैसे असे गेले: ५१ हजार टोकन, मग ५ लाख आरटीजीएस, मग ६ लाख ७५ हजार, कारण "दुसरी पार्टी बेंगळुरूहून येतेय". करार ५०० च्या स्टँपवर, फक्त नोटरी केलेला. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, हे मी किती लोकांना सांगितलं असेल. ५० लाखांच्या वरच्या घराला घेणाऱ्याने टीडीएस कापायचा असतो, मी पॅन मागितला तर म्हणाला शेवटच्या हप्त्यात ॲडजस्ट करू. पॅन नाही तर पैसे नाही, विषय संपला, पण मी नाही संपवला.

आणि कागद खोटे होते असंही नाही, हीच तर मेख. फॉर्म डी (शहर मोजणीतला मिळकतीचा उतारा) खरा, चलता नंबर (त्यातला जागेचा क्रमांक) खरा, बोजा नसल्याचा दाखला खरा. त्या दाखल्यात फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात, वारस दिसत नाहीत. मालक पोर्तुगालला, आणि विकणारा त्यांचा २०१७ चा मुखत्यार. मालक वारले २०२१ ला. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते तिथेच संपतं. वारस चार भावंडं, कुणाला ह्या विक्रीचा पत्ता नाही. शिवाय गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, वेगळा करार नसेल तर नवराबायको दोघं मिळून मालक, त्यामुळे कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी बायकोची सही लागते. माझ्या करारात मालकाच्या बायकोचा उल्लेखसुद्धा नव्हता. महाराष्ट्रातल्या वकिलाला दाखवलं होतं मी, ३५०० घेतले त्याने, "ठीक वाटतंय" म्हणाला. गोव्यातलाच वकील धरा, आणि एजंटने सुचवलेला तर मुळीच नको. पेपरात जाहीर नोटीस दिल्याशिवाय पुढचा रुपया देऊ नका.

कळलं कसं, तर पडद्यांचं माप घ्यायला गेले आणि माझी चावी लागेना. कुलूप पुन्हा बदललेलं. त्याच बाई वरून म्हणाल्या, तुमी वायरी पळोवंक आयिल्लीं न्ही? म्हणजे, तुम्ही वायरिंग बघायला आला होतात ना? मी तिथेच पायरीवर बसले.

मग सुरू झाला खरा तमाशा. हेल्पलाइनवर म्हणाले हा ऑनलाइन फ्रॉड नाही, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, घराचा करार आहे ना, मग दिवाणी मामला, कोर्टात जा. बँक म्हणाली मॅडम तुम्हीच पाठवलेत. निबंधक कार्यालयात म्हणाले करार नोंदवलेलाच नाही, आमचा काय संबंध. एका साहेबांनी तर विचारलं, तुम्ही बँकेत होता ना, मग कळलं कसं नाही? परदेशी गेलेल्यांची घरं बनावट कागदांवर विकणाऱ्यांसाठी गोव्यात २०२२ ला एसआयटी नेमावी लागली, आणि तरी माझ्यासमोर सगळे असे बसतात जणू असली केस आयुष्यात पहिल्यांदा ऐकतायत. मेलेल्या माणसाच्या सहीवर विकणं दिवाणी कसं हो? न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे, जुनं ४२०, ते मी त्यांना वाचून दाखवायचं का? एफआयआर घेत नसतील तर अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. मी तसंच केलं तेव्हा कुठे ४३ दिवसांनी नोंद झाली.

ह्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

तपास करणाऱ्यांची आता बदली झालीय. नवे साहेब म्हणतात सुरुवातीपासून सांगा. सोमवारी बोलावलंय, झेरॉक्सचा पाचवा सेट काढून ठेवलाय.