पहिलीचा वर्ग: फक्त इंडोनेशियन की आधी जावानीज?

इंडोनेशियातल्या मध्य जावा प्रांतात घरी जावानीज ही प्रादेशिक भाषा बोलतात, तर इंडोनेशियन ही राष्ट्रभाषा. तिथल्या खेड्यात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. २००३ चा शिक्षण कायदा (कलम ३३) सुरुवातीच्या टप्प्यात गरजेपुरती प्रादेशिक भाषा वापरू देतो, त्यामुळे दोन्ही वाटा खुल्या आहेत.

आकलन: घरी जावानीजच बोलणाऱ्या मुलाला नवी कल्पना जावानीजमध्ये लवकर कळते. फक्त इंडोनेशियन वापरली की शिक्षक वाक्य अर्धवट सोडतात, ‘तिगा दितांबाह दुआ समा देंगान...?’ (तीन अधिक दोन बरोबर...?) आणि वर्ग एका सुरात ‘लिमा!’ (पाच!) म्हणतो. कोणाला समजलं नाही ते त्या सुरात दडून जातं. म्हणून एकेकाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावा.

आदर: इथे मात्र इंडोनेशियन सरस. जावानीजमध्ये गुरुजींशी ‘क्रामा’ या आदरार्थी पातळीवर बोलायचं असतं. घरी फक्त ‘ङोको’ ही साधी, जवळिकीची पातळी बोललेलं मूल चुकायच्या भीतीने गप्पच बसतं. इंडोनेशियनमध्ये ‘बु’ (बाई) किंवा ‘पाक’ (सर) म्हटलं की शंका विचारता येते. हा फायदा फार मोलाचा आहे.

लेखन: पुस्तकं इंडोनेशियनमध्ये. क्रियापदाला उपसर्ग लागून ‘तुलिस’चं ‘मेनुलिस’ (लिहिणं), ‘सापु’चं ‘मेन्यापु’ (झाडणं) होताना मूळ शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं. हे सरावानेच जमतं, उशीर केला तर पुढे जड जातं.

शहरातल्या मिश्रभाषिक वर्गाला पहिल्या दिवसापासून इंडोनेशियनच बरी. सगळी मुलं जावानीज बोलणारी असतील तर समजावणं जावानीजमध्ये, प्रश्नोत्तरं आणि लेखन इंडोनेशियनमध्ये ठेवा, आणि दुसरीच्या अखेरीस समजावणंही इंडोनेशियनवर आणा.