नौपाड्यातील करिअर समुपदेशन केंद्र: चाचणी टाळावी, भेट जरूर घ्यावी

यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या माझ्या भाच्याला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या आणि घरात दोन तट पडले, म्हणून आम्ही या केंद्रात गेलो. एक नोकरी ऐरोलीच्या कॉल सेंटरमधली, महिना २४ हजारांची; दुसरी रबाळ्याच्या टूलरूममधील, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यातील, वर्षभराची शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतन त्याच्या निम्म्याहून जरासे अधिक.

आधी तक्रार. ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तास बसून राहावे लागले, आणि कलचाचणीचे वेगळे हजार रुपये भरल्यावर हाती आलेल्या अठरा पानी अहवालातून भाचा ‘संवादप्रिय’ असल्याचे समजले, जे त्याच्या आजीने फुकट सांगितले असते.

समुपदेशक बाईंशी झालेली भेट मात्र पैसे वसूल करणारी ठरली. मुलाला मोल्ड डिझाइनमध्ये, म्हणजे साच्यांचे आराखडे करण्याच्या कामात, जायचे आहे हे ऐकून त्यांनी दोन्ही नोकऱ्यांतला साधा दिवस तासागणिक लिहायला लावला. कॉल सेंटरचे पान लगेच भरले. टूलरूमचे सकाळी दहालाच अडले. ‘मायक्रोमीटर स्वतः किती वेळा धरलास?’ असे त्या बारीक मापे घेण्याच्या उपकरणाबद्दल विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला, ‘मॅडम, आमच्या चौघांच्या गटात एकानेच धरला होता.’ तेव्हा बाईंनी तिथूनच कारखान्याला फोन लावायला सांगितले: ड्रॉइंग वाचायला कोण शिकवणार, मशीनवर कितव्या महिन्यात उभे करणार, घेतलेली मापे कोण तपासणार?

कॉल सेंटरला त्यांनी नावे ठेवली नाहीत. विक्री किंवा ग्राहकसेवेकडे वळायचे असते तर चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याचा तो सराव कामी आला असता, असे त्या म्हणाल्या. शिवाय १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार नोंदवून घ्या, वर्षाअखेरीस प्रमाणपत्र मिळते, पण त्यानंतर कायम नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते, हेही त्यांनी आम्ही न विचारता सांगितले. घराचा हप्ता किती, हे विचारायलाही त्या विसरल्या नाहीत, कारण बारा महिने कमी पैशांत काढणे प्रत्येक घराला झेपत नाही.

कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून भाचा आता रोज रबाळ्याला जातो. जाणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागावी, दोन्ही नियुक्तिपत्रे सोबत न्यावीत आणि पावती मागून घ्यावी, कारण ती आपणहून देत नाहीत.