लाकडी की कॉम्पोझिट: खानापूरच्या पोरीला कोणती हॉकी स्टिक?

खानापूर-बेळगाव भागात तांबड्या मातीच्या मैदानावर शिकणाऱ्या मुलीला पहिली स्टिक तुतीच्या लाकडाचीच द्यावी. चेंडू तिच्यावर सहज थांबतो आणि खड्यांनी टोक झिजलं तरी टेप गुंडाळून चालते. पावसाळ्यात मात्र ती पाणी पिऊन फुगते, टोकाचे तंतू सुटतात, सावलीतच वाळवा.

आंतरराष्ट्रीय सामने कृत्रिम टर्फवर होतात, तिथे कॉम्पोझिटच, म्हणजे कार्बन आणि काचतंतू राळेत बसवून केलेली स्टिक हवी. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक कडक आणि फटका जोरदार, पण चेंडू अडवताना उसळतो. म्हणून सुरुवात २०-३० टक्के कार्बनने करावी. ड्रॅगफ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन जोरात भिरकावणं, मारणारीला स्टिकचा बाक नियमाच्या कमाल २५ मिलिमीटरजवळचा घ्या. हा फटका बहुतेकदा पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणाऱ्या संधीत मारतात; टोकियो ऑलिंपिकमध्ये २ ऑगस्ट २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाला हरवणारा भारताच्या गुरजित कौरचा गोल पेनल्टी कॉर्नरवरचाच! वजनाची मर्यादा ७३७ ग्रॅम असली तरी मुलींना ५२०-५४० ग्रॅम पुरतं.