सोया दुधाचं मशीन: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये घेतलं, साडेसात हजारांना. चिरंजीवांना तेरा पूर्ण झालेले, दूध प्यायलं की पोट धरून बसायचे. इंदूरसारख्या सोयाबीनच्या मुलखात राहून खोक्यातलं महाग सोया दूध कशाला आणायचं, असा माझा हिशोब.

आधी मशीनचं सांगते. शंभर ग्रॅम दाणे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, लिटरभर पाणी घालून बटण दाबायचं. चव चांगली, हिरवट वास जवळजवळ नाही. कटकट जाळीची. लगेच ब्रश मारला नाही तर चोथा भोकांत सिमेंटसारखा बसतो. फेस ओळखणारी एक काडी आहे. तिला साय चिकटली की मशीन मध्येच थांबून टींटीं करतं. कंपनीला फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, काडी पुसून घ्या." पुसतेच आहे हो, रोज!

आणि फेस वर आला म्हणजे दूध उकळलं असं समजू नका. सोया दूध उकळायच्या आधीच फसफसतं. मी पातेल्यात काढून आणखी दहा मिनिटं उकळते, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. आपल्या इथल्याच सोयाबीन संशोधन संस्थेनं त्यातला कुनिट्झ इनहिबिटर हा मुख्य अडवणारा घटक नसलेलं एनआरसी १२७ हे वाण काढलंय. सियागंजात मी ते नाव घेतलं तर दुकानदार माझ्याकडेच बघत राहिला.

सप्टेंबरात ग्वाल्हेरहून आत्याबाई आल्या. कपाकडे बघून म्हणाल्या, "अगं, वाढत्या वयाच्या मुलाला हे काय पाजतेस? यात बायकांचं हार्मोन असतं म्हणे." मी हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप लागेना. मग वाचत सुटले.

सोयात आयसोफ्लॅव्होन असतात, मुख्यतः जेनिस्टीन आणि डेडझीन. त्यांची घडण इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी, म्हणून शरीरात किल्लीसारखे त्याच्याच कुलपात बसतात. पण जोर फार कमी. भीती हवेतून आलेली नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरलेल्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, ते याच कुळातल्या द्रव्यांमुळे. पण त्या दिवसभर तेच चरत होत्या. आमच्याकडे दिवसाला एक कप, म्हणजे अंदाजे पंचवीस मिलिग्रॅम. साठीच्या एका अमेरिकन गृहस्थांची छाती वाढल्याची नोंद २००८ची आहे. ते रोज जवळपास तीन लिटर पीत होते, बंद केल्यावर त्रास गेला. त्याच वर्षी बोस्टनच्या ९९ पुरुषांच्या पाहणीत सोया जास्त खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण कमी दिसलं, एकूण संख्येत मात्र तसा फरक नव्हता. आणि २०१० व २०२१ला अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी हार्मोनवर, परिणाम दिसला नाही. हे सगळं मोठ्या माणसांवरचं, हे खरं.

मला खरं थबकवलं ते तान्ह्या बाळांनी. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन एकदा चढतं आणि उतरतं. मार्मोसेट माकडांच्या जुळ्या नरांत एकाला सोया फॉर्म्युला (बाळांसाठीचं सोयाचं तयार दूध) आणि दुसऱ्याला गाईच्या दुधाचा दिला, तर सोयावाल्याचा तो चढ कमी पडला. मोठेपणी मात्र त्यांच्या प्रजननक्षमतेत ठळक बिघाड आढळला नाही. अमेरिकेत लहानपणी फॉर्म्युलावर वाढलेल्या ८११ जणांना विशी-तिशीत तपासलं, त्यातले २४८ सोयावाले. पुरुषांमध्ये काही लक्षणीय फरक निघाला नाही. तरी फॉर्म्युल्यावरच्या बाळाला वजनाच्या मानानं मिळणारा डोस मोठ्यांच्या कितीतरी पट असतो. जाऊबाईंनी त्यांच्या दोन महिन्यांच्या बाळासाठी आमचं दूध बाटलीत न्यायची गोष्ट काढली, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. घरचं सोया दूध तान्ह्या बाळाचं अन्नच नव्हे, डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

आमच्या चिरंजीवांचं म्हणाल, तर दिवाळीत आवाज फुटला. फोनवर आत्याबाईंनी "कोण, दादा का?" असं विचारलं आणि हा लाजून खोलीत पळाला. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण जूनपासून चार बोटं वर गेलीय. एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, पण माझी झोप परत आली. कप एकच ठेवलाय, मागितला तरी दुसरा नाही. चोथ्याची थालीपिठं मात्र आत्याबाई चवीनं खाऊन गेल्या.

हेच मशीन पुन्हा घेईन का? नाही. मिक्सर, धुवट पंचा आणि जाड बुडाचं पातेलं, अर्ध्या तासाचं काम. हे मशीन कोणाला हवं असेल तर अर्ध्या किमतीत देते, ब्रशसकट.