झोंबी आणि हशा: ‘झोंबिवली’ की ‘वन कट ऑफ द डेड’?

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे ‘झोंबिवली’ (2022) इथे जरा जास्तच भिडतो. आदित्य सरपोतदारांच्या या मराठी चित्रपटात एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी तडफडणारी वस्ती, आणि माणसांना झोंबी, म्हणजे चालते-फिरते मुडदे, बनवणाऱ्या रोगाचं मूळही पाण्याशीच जोडलेलं. भाषा आपली, अमेय वाघची धांदल आपली. घरच्यांसोबत बघायचा असेल तर डोळे झाकून हाच लावा. उत्तरार्धात थोडा लांबतो, एवढंच.

माझं मन मात्र जपानी ‘वन कट ऑफ द डेड’वर (2017) जडलंय. शिनइचिरो उएदांनी तो सुमारे 30 लाख येनमध्ये, फारशा कुणी न ओळखणाऱ्या कलाकारांना घेऊन केला. सुरुवातीचा 37 मिनिटांचा प्रसंग सलग, एकाच शॉटमध्ये. कॅमेरा हलतो, संवाद मध्येच अडखळतात, रक्त उडून थेट कॅमेऱ्याच्या काचेवर येतं. बरेच जण इथेच उठतात. कृपा करून उठू नका! प्रत्येक अडखळण्याला कारण आहे आणि ते नंतर कळतं. तेव्हा आधी खटकलेल्या जागाच पोट धरून हसवतात. पैसा नसताना माणसं एकमेकांना कशी सांभाळून घेतात, हे मोठ्या बजेटच्या झोंबीपटात मला असं कधी दिसलं नाही.

गणेशोत्सवात मांडवामागे राहून नाटुकलं उभं केलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. सबटायटल्स वाचायची तयारी हवी. शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन मित्रांसोबत बसा, फोन बाजूला ठेवा.