आजीचं गोंदण माझ्या हातावर: 14 महिन्यांनंतरचा अनुभव

टॅटू काढून परवा 14 महिने झाले. काढला त्याच आठवड्यात लिहायला बसणार होते, पण थांबले ते बरं झालं. ताजा टॅटू कुणाचाही छानच दिसतो. तो खरा कसा उतरलाय हे कातडी भरून आल्यावर, एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यावरून गेल्यावरच कळतं.

डिझाइन माझ्या आजीचं. तिच्या उजव्या हातावर, कोपराखाली, तुळशीवृंदावन होतं आणि त्याखाली ओळीने पाच ठिपके. लग्नाआधी गावच्या जत्रेत गोंदणाऱ्या बाईने सुईने टोचून, काजळ भरून केलेलं. "सोनंनाणं हितंच राहतंय, गोंदण तेवढं संगं येतंय," असं ती म्हणायची. ती गेल्यावर शोधलं तर त्या हाताचा एकच धड फोटो सापडला, शेंगा सोलतानाचा. तोच मोठा करून घेतला.

माझा हा दुसरा टॅटू. पहिला कॉलेजात असताना मनगटावर काढला होता, एका ठिकाणी स्वस्तात होतो म्हणून. तिथे सुई गरजेपेक्षा खोल गेली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना निळसर सावली पसरली. ती आजही तशीच आहे. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण 1 ते 2 मिलिमीटरवर बसायला हवी. वरवर राहिली तर काही दिवसांत झडून जाते, आणि खाली चरबीपर्यंत गेली तर फुटते. त्यामुळे या वेळी मी घाई केली नाही. सहा महिने शोधलं, तीन स्टुडिओ स्वतः जाऊन पाहिले.

त्यातल्या एका ठिकाणी खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की सुई पाकिटातून आधीच काढून ठेवली आहे. विचारलं तर "नवीनच आहे, ताई" एवढंच उत्तर. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. जिना उतरताना फार अवघडल्यासारखं झालं होतं, पण तुमच्यावर अशी वेळ आली तर खुशाल उठा. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायचं, शाई छोट्या कपात नव्याने ओतायची, हातमोजे नवे घालायचे, एवढं मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. चांगला आर्टिस्ट हे न मागता करतो. आणि त्याचं काम बघायचं तर ताजे फोटो बघू नका, दोन-तीन वर्षांपूर्वी काढलेल्या टॅटूंचे आजचे फोटो मागा.

ज्यांच्याकडे शेवटी काढला त्यांनी आजीच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. वृंदावनाच्या कट्ट्यावर मला बारीक जाळी हवी होती. ते म्हणाले, "इतकी बारीक नको ताई, काही वर्षांनी रेघा एकमेकींत मिसळतील." मला ते पटेना. मग त्यांनी मला आजीचाच फोटो दाखवला. तिच्या तुळशीची पानं केव्हाच एकमेकांत मिसळून हिरवट-निळी झाली होती. शाई कातडीतल्या पेशी धरून ठेवतात, त्या मरतात, नव्या पेशी ती शाई पुन्हा उचलतात, आणि या उचलाउचलीत रेघ दरवर्षी किंचित सैल होत जाते. आम्ही जाळीच्या जागी तीन आडव्या रेघा घेतल्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली. आज तो निर्णय सगळ्यात बरोबर वाटतो.

स्टेन्सिल, म्हणजे टोचण्याआधी कातडीवर उमटवतात तो डिझाइनचा कच्चा छाप, तीन वेळा लावलं. हात टेबलावर ठेवून लावलेलं वृंदावन उभं राहून हात सोडला की चक्क कलायचं, कारण तिथली कातडी हाताबरोबर फिरते. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, खांदे सैल सोडायला सांगितलं आणि मगच जागा पक्की केली. "पुन्हा लावा" म्हणायला संकोचू नका, ते पुसून काढता येतं.

दुखतं का? दुखतं. उन्हाने भाजलेल्या जागी कुणी नखाने सावकाश ओरखडे काढावेत तसं. मनगटाच्या दिशेला सोसण्यासारखं होतं, कोपराच्या घडीजवळ मात्र डोळ्यांत पाणी आलं. अडीच तास लागले. पोटभर जेवून जा, मी पिठलं-भाकरी खाऊन गेले होते. आदल्या दिवशी दारू नको आणि जागरणही नको. थांबावंसं वाटलं तर सांगा, मध्ये थांबून सरबत प्यायला कुणी नाही म्हणत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. पहिले तीन आठवडे. वर लावलेल्या पारदर्शक फिल्मखाली दुसऱ्या दिवशी काळं पाणी साचलं आणि माझा धीर सुटला. ती जादाची शाई आणि जखमेतून पाझरणारी लस असते, घाबरू नका. चौथ्या दिवशी फिल्म काढली, कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने धुतलं, टिपून कोरडं केलं आणि मॉइश्चरायझरचा पातळ थर लावला. पातळच लावा, थापला की जागा ओली राहते. सहाव्या दिवसापासून काळे पापुद्रे सुटायला लागले. नवव्या दिवशी अंघोळीनंतर पाहिलं तर तुळस फिकट, दुधाळ, मध्येच तुटलेली दिसत होती. मी न्हाणीघरात बसून रडले. आजीची एकच खूण आणि तीही माझ्या हातून बिघडली, असं वाटलं. तुमचाही असा दिवस येईल, तेव्हा हे वाचल्याचं आठवा: वरची नवी कातडी अजून पक्की झालेली नसते म्हणून खालची शाई धूसर दिसते. महिनाभरात माझ्या रेघा लख्ख झाल्या.

आत्या हळद लाव म्हणून मागे लागली होती. तिची माया कळते, पण उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातलं काहीही लावायचं नाही. कंड फार सुटतो, तेव्हा तळव्याने हलकेच थोपटा, नख लावू नका, खपली ओढू नका. पोहणं तीन-चार आठवडे बंद. लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत गेली, पू आला किंवा ताप भरला तर स्टुडिओला फोन करत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मी नोव्हेंबरात काढला हे फायद्याचं ठरलं. घाम कमी, पूर्ण बाह्यांचे कपडे सहज चालतात.

मी फक्त काळी शाई घेतली. ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगाच्या जास्त येतात, आणि आजीचं गोंदणही एकाच रंगाचं होतं. उन्हाळ्यात मात्र स्कूटर चालवताना एसपीएफ 50 चं सनस्क्रीन न चुकता लावलं. मे महिन्यात आठवडाभर कंटाळा केला तर त्या जागेची कातडी काळवंडून रेघा दबल्यासारख्या झाल्या होत्या.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी जाहिरातीतले नियम वाचावेत. लष्करात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतो, आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. आणि रक्तदान करत असाल तर 12 महिने थांबावं लागतं. मी दरवर्षी देते, गेल्या जानेवारीच्या शिबिरात नुसती नावं लिहून घ्यायला बसले होते. या जानेवारीत पहिल्या रांगेत होते.

आज टॅटू कसा आहे? काळ्याची तकाकी जाऊन तो मऊ, किंचित राखाडी झालाय. कातडीचाच वाटतो, वरून चिकटवलेला नाही. बोट फिरवलं तर काही लागत नाही, फक्त थंडीत दोन रेघा जराशा वर येतात आणि तासाभरात बसतात. कोपराच्या घडीजवळचा पाचवा ठिपका उडालाय, घडीत असं होतं. टच-अप, म्हणजे उडालेली जागा पुन्हा भरणं, फुकट करून देतो म्हणून आर्टिस्टचा दोनदा फोन आला. मी आजीचा तो फोटो बाहेर काढून पुन्हा पाहिला. आजीचाही पाचवा ठिपका असाच पुसट होता, शेंगांच्या टरफलाआड मला तो आधी दिसलाच नव्हता. त्यांना कळवलंय, तो ठिपका तसाच राहू द्या.